रिकाम्या गाडीची मोजणी

समजा, हे काम तुम्हाला दिलंय. हातात एक पातळ फळी, फळीला चिमटा, चिमट्यात छापील प्रश्नांचे कागद आणि दोरीने बांधलेलं पेन. मे महिन्यातली दुपार आहे, जागा तलासरीचा स्टँड. डहाणूहून आलेली एसटी धुरळा उडवत उभी राहते आणि दार उघडायच्या आत तुम्हाला ठरवायचंय, की आतल्या कोणाकोणाला प्रवासी म्हणायचं. आईच्या कडेवरचं पोर मोजायचं का? त्याचं तिकीट नाही, पण ताप तर त्यालाही येतो. टोपलीतल्या कोंबड्या सोडून द्या, ते सोपं आहे. पण मागच्या जिपेच्या पायरीवर एक पाय टेकवून, एका हाताने टप धरून जो माणूस लोंबकळत आला, तो जिपेत होता की जिपेबाहेर? एवढं ठरवून झालं की त्यातल्या एकाला बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, "काका, फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वाइन फ्लूची साथ होती, तेव्हा तुम्ही बसचा प्रवास कमी केला का?" आणि काका दोन पावलं मागे सरकून तुमच्याकडे असे बघतात, जणू ती साथ तुम्हीच पिशवीत घालून आणलीय.

दक्षा वरठाला हे काम मनापासून आवडायचं.

दक्षा तेवीस वर्षांची. डोंगराकडच्या उंबरमाळ गावची, भिका वरठाची थोरली मुलगी. आश्रमशाळेत शिकली, आयटीआयला संगणकाचा कोर्स केला आणि तारापूरच्या एका कारखान्यात बिलं टाइप करायला लागली. बोईसरला चार मुलींसोबत खोली घेऊन राहायची. बिलं टाइप करता करता तिला वाटायचं, की हे आकडे दुसऱ्या कोणीतरी गोळा केलेत आणि आपण नुसते उतरवतोय. म्हणून २०१५च्या एप्रिलमध्ये जेव्हा कळलं, की नव्या जिल्ह्याला माहिती गोळा करणारी माणसं हवीत, काम थोड्या महिन्यांचं आहे आणि फिरतीचं आहे, तेव्हा तिने कारखान्याला रामराम ठोकला. आई, सुकी, म्हणाली, "पंख्याखालची नोकरी सोडून उन्हात?" दक्षा म्हणाली, "आई, पंख्याखाली काहीच कळत नाही गं."

पालघर जिल्हा तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता. ऑफिसं इकडेतिकडे, कपाटं अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. जुन्या जिल्ह्याची माहिती ठाण्यात, आणि साथ मात्र इथे येऊन गेलेली. म्हणून एक पाहणी निघाली होती. साथीच्या दिवसांत एसटी, जिपा आणि टमटम यांचं काय झालं? किती फेऱ्या निघाल्या, किती ड्रायव्हर-कंडक्टर आजारी पडले, माणसं का आली नाहीत? पुढच्या वेळी काय करावं? कागदाच्या शेवटी एक छोटी ओळ होती: 'सदर फेरी पुढे चालू ठेवण्याची गरज: आहे / नाही'. पावसाळ्याआधी गाड्यांचं नवं वेळापत्रक लागणार होतं आणि त्याआधी ही ओळ वाचली जाणार होती.

दक्षाचा एका गोष्टीवर पक्का विश्वास होता. प्रश्न बरोबर असला की उत्तर मिळतंच. अच्छाडच्या नाक्यावर तिने ढाब्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या जीपवाल्यांना विचारलं, तर एक जण म्हणाला, "मॅडम, साथीत आमचा धंदा वाढला. एसटीत पन्नास जण खोकतात, जिपेत बाराच." दुसरा म्हणाला, "बारा नाय रे, अठरा. खरं सांग, सरकारचं माणूस हाय." दक्षाने अठरा लिहिलं. तिसऱ्याने आपला गुजराती मालक फोनवर जोडून दिला आणि तिने त्याचीही उत्तरं गुजरातीत घेऊन मराठीत लिहिली. चिंचणीला मच्छीवाल्या बायकांनी तिला आधी बोंबील विकत घ्यायला लावले आणि मगच उत्तरं दिली. संध्याकाळी तिच्या पिशवीला जो वास सुटला, त्यावरून ऑफिसात आठवडाभर हसाहस चालली होती. पण चिंचणीचे कागद सगळ्यात भरगच्च आले होते.

मग तिच्या वाट्याला तिचंच गाव आलं.

उंबरमाळला दिवसातून एकच गाडी. संध्याकाळी डहाणूहून निघायची, तलासरीला माणसं घ्यायची, डोंगर चढून गावात मुक्कामाला थांबायची आणि सकाळी परत उतरायची. सगळे तिला वस्तीची गाडी म्हणत. शेवटच्या चढावर जिपा येत नसत, थोड्या सवाऱ्यांसाठी एवढं डिझेल परवडत नाही म्हणून जीपवाले सरळ हात जोडत. दक्षा ह्याच गाडीने आयटीआयला गेली होती. धाकटी रूपी बारावीचा निकाल लागला की जूनपासून ह्याच गाडीने तलासरीच्या कॉलेजला जाणार होती. तिची वह्या-दप्तराची तयारी आतापासूनच चालली होती.

दक्षा फळी घेऊन आधी शुक्रीआत्याच्या ओट्यावर बसली. शुक्रीआत्या म्हणजे भिकाची थोरली बहीण, आणि गावात कोणाच्याही घरात न विचारता शिरणारी.

"ये गे," आत्या म्हणाली. "भिकाच्या पोरीला सरकारनं पगार दिला, का तर आत्या अजून जिवंत हाय का ते बघून ये म्हणून."

"आत्या, प्रश्न आहेत. सरळ उत्तरं द्यायची. साथीच्या दिवसांत घरात कोणी आजारी होतं का?"

"नाय."

"बसमध्ये बसायची भीती वाटली का?"

"बस काय चावते?"

"मग तेव्हा प्रवास कमी केलात का?"

"नाय," आत्या म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "जेवून जा. प्रश्न नको आणू जेवताना."

दुसऱ्या घरी तेच झालं, आणि तिसऱ्या घरीही. ठकीकाकू, हिराबाई, पाड्यातले म्हातारे, सगळ्यांनी तिला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली, लग्नाचं विचारलं आणि प्रत्येक प्रश्नाला "नाय" म्हटलं. दक्षाला वाटलं, आपलं गाव किती नीट, किती चटपट उत्तरं देतं! अच्छाडच्या जीपवाल्यांसारखा फाफटपसारा नाही. तिने कागद बांधले आणि पालघरला पाठवून दिले.

दोन दिवसांनी जयश्री मॅडमचा फोन आला. जयश्री संखे म्हणजे दक्षाच्या वरिष्ठ. पाहणीचे सगळे कागद त्यांच्या टेबलावर यायचे. बोलायला फटकळ, पण कामाला पक्क्या.

"दक्षा, तुझ्या उंबरमाळची बेरीज बघितलीस?"

"हो मॅडम. एकही कोरी जागा नाही."

"तीच तर गंमत आहे. डेपोच्या आकड्यांत फेब्रुवारीत ही गाडी जवळजवळ रिकामी धावलीय. आणि तुझ्या कागदावर गाव म्हणतंय, आजार नाही, भीती नाही, प्रवास कमी केला नाही. मग गाडीत कोणी बसलं का नाही?"

दक्षा मनातल्या मनात बेरीज पुन्हा करायला लागली.

"ह्याचा अर्थ वाचणारा एकच लावेल," मॅडम म्हणाल्या. "ह्या गावाला गाडीची गरजच नाही. लोक जिपेने जातात आणि गाडी हवा खात फिरते. शेवटच्या ओळीत मी काय लिहू?"

"जीप तिथे येतच नाही मॅडम!"

"हे कागदावर कुठे आहे? सोमवारपर्यंत नीट करून दे. आणि ऐक, तुझं स्वतःचं गाव आहे, मला माहीत आहे. आकडे फुगवायचे नाहीत. मला कळतात फुगवलेले."

दक्षाने फोन ठेवला. पिशवीत कोरे कागद होते आणि पेनही होतं. शुक्रीआत्याच्या नावाने पुन्हा एक कागद भरायचा, 'भीती वाटली' वर खूण करायची, की झालं. कोण बघणार होतं? पण तिच्याने ते झालं नसतं. एकदा खोटा आकडा आत घुसला की पुढच्या साथीत कोणीतरी त्याच्यावर भरवसा ठेवून गाड्या सोडणार किंवा बंद करणार, हे तिला पुरतं कळत होतं. आणि तिला राग आला होता तो वेगळाच. गाव खोटं बोललं होतं, तिच्याशी, आणि का ते तिला कळलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती तलासरीला वस्तीच्या गाडीत चढली. कंडक्टर नविन पागधरे नेहमीचाच. वरोरचा, दर्यावर वाढलेला आणि नोकरी मात्र डोंगराची. त्याचा आवाज असा, की भर बाजारात हाक मारली तरी वाऱ्यावरून पोचेल.

"या सरकार, या!" तो म्हणाला. कागद हातात आल्यापासून तो तिला सरकार म्हणायचा. "खिडकीपाशी बसा. काय, आमची गाडी विकायला काढली म्हणे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"डेपोत भिंतींनापण तोंड हाय."

दक्षाने तिकीट घेतलं. "नविनदादा, फेब्रुवारीत ही गाडी रिकामी का होती?"

"रिकामी?" नविन खो खो हसला. "ए ड्रायव्हरमामा, ऐका, आपली गाडी रिकामी होती म्हणे! अगं, त्या दिवसांत मला उभं राहायला जागा नव्हती. माणूस एक नाही, पण पिशव्या? सीटवर पिशव्या, सीटखाली पिशव्या, बोनेटवर मिठाचं पोतं. तुझ्या गावाइतकं सुखाचं गिऱ्हाईक मी बघितलं नाय. ना सुट्ट्यासाठी भांडण, ना खिडकीसाठी."

"कसल्या पिशव्या?"

"शिवेवर उंबर हाय ना, तिथे रस्त्यावर दोरी होती, आंब्याच्या डहाळ्या लावलेली. मामांनी पहिल्या दिवशी ब्रेक मारला आणि म्हणाले, नविन, गाव बांधलाय, चाक पुढं जाणार नाय. मग काय, तलासरीला तुमचे नातेवाईक सामान देणार, मी उंबराच्या फांदीला अडकवणार, आम्ही मागे सरणार, मग पलीकडून तुमची माणसं येऊन घेणार. उद्याची यादी पलीकडून ओरडून. तुझी ती आत्या! मीठ ओरडायची, काडेपेटी ओरडायची, सुके बोंबील ओरडायची, आणि दुसऱ्या दिवशी ओरडायची, कालचे बारीक होते, बदलून आण! ओरडून ओरडून माझा घसा बसला. डेपोत सगळ्यांना वाटलं, ह्यालाच स्वाइन फ्लू झाला."

ड्रायव्हरमामा पुढून म्हणाले, "भाकऱ्यांचं सांग."

"हां. आम्ही शिवेच्या बाहेर गाडीतच झोपायचो. सकाळी दगडावर आमच्यासाठी भाकऱ्या आणि चटणी, वर पळसाचं पान, पानावर खडा. एक दिवस चुकला नाय."

गाव बांधलं होतं हे दक्षाला माहीत होतं! फेब्रुवारीत ती बोईसरला असताना आईने फोनवर सांगितलं होतं, "एवढ्यात येऊ नको, गाव बांधलंय." तिने बरं म्हणून फोन ठेवला होता. आसपास वाईट आजार फिरायला लागला की उंबरमाळात जुनी रीत होती. जाणती माणसं आणि भगत मिळून शीव बांधत, गावदेवाला नारळ देत, आणि दोरी सुटेपर्यंत आतलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. लहानपणी तिने एकदा ते बघितलंही होतं. पण गाव बांधणं हे तिच्या डोक्यात घरच्या कप्प्यात होतं, गावदेव, भगत, नारळ यांच्याजवळ. साथ आणि वाहतूक ऑफिसच्या कप्प्यात. दोन कप्पे एकाच भिंतीला लागून आहेत, हे तिला कधी सुचलंच नाही.

आणि दुसरी गोष्ट आठवली तेव्हा तिने कपाळावर हात मारला. दोरी सुटली की त्या आजाराबद्दल वर्षभर कोणी बोलायचं नाही. कोण आजारी होतं, कोण घाबरलं, काहीच नाही. नाव घेतलं की आजार वळून बघतो, असं सगळे मानत. आणि ही गावची मुलगी फळी घेऊन ओट्याओट्यावर तेच नाव मोठ्याने विचारत फिरली होती! लोकांनी तिला हाकललं नाही, पाणी दिलं, घोंगडी दिली, हेच पुष्कळ.

तिने फळी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. नविनचं हसू एकदम थांबलं.

"ए सरकार. हे लिहू नको हां."

"का?"

"माणसाशिवाय सामान न्यायचं नसतं गाडीतून. न्यायचं तर त्याचं लगेज तिकीट फाडायचं. मी एक फाडलं नाय. कोणाच्या नावावर फाडणार, उंबराच्या?" तो खाली बसला, तिच्या पुढच्या सीटवर. आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "चिंचणीच्या गाडीवर बदली मागितलीय मी. घराजवळ. आई म्हातारी झालीय. ह्या वक्ताला शेरा बसला, तर अर्ज गेला खड्ड्यात."

दक्षाने टोपण लावलं. "तू हो म्हणेपर्यंत तुझं काही लिहिणार नाही," ती म्हणाली.

गाडी उंबरापाशी आली आणि पुढे गावात शिरली. दक्षा उतरली ती सरळ शुक्रीआत्याच्या ओट्यावर. ह्या वेळी फळी पिशवीतच ठेवली. रस्त्याने तिने मनात प्रश्न घोटला होता. आजाराचं नाव नको, भीती नको, साथ नको.

"आत्या, शिवेवरून काय काय घेतलंस गं?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, जसं पोर पहिल्यांदा नीट चालल्यावर येतं. "आता पुसलंस बघ," ती म्हणाली. "बस."

आणि धरणाचं दार उघडावं तशी आत्या बोलायला लागली. मीठ, काडेपेटी, चहापत्ती, ते बारीक बोंबील. तिचा आवाज ऐकून ठकीकाकू आली. "तू बोंबलाचं काय सांगतेस, माझ्याकडे घासलेट आलं तेव्हा डबा गळका!" हिराबाई म्हणाली, तिच्या सुनेच्या गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातून आल्या, चिठ्ठीवर सूर्य आणि चांदोबा काढून, कधी घ्यायच्या ते कळावं म्हणून. रूपी आतून ओरडली, "ताई, माझं हॉल तिकीटपण!" बारावीचं हॉल तिकीट आश्रमशाळेतून नविनने आणलं होतं, भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घालून. दोरी सुटल्यावर रूपी परीक्षेला गेली ती त्याच तिकिटावर. अंधार पडेपर्यंत ओट्यावर बाजार भरला. कोणाला काय आलं, कोणाचं जास्त आलं, ह्यावरून दोन भांडणं झाली आणि मिटली. दक्षा आता उघड लिहीत होती आणि तिला कोणी अडवत नव्हतं.

सकाळी गाडी सुटायच्या आधी नविन बोनेटला टेकून चहा पीत होता. दक्षा समोर उभी राहिली.

"बघू नको अशी," तो म्हणाला. "मला कळतंय. गावाने काय घेतलं हे तू लिहिलंस, तर आणलं कोणी हे पण येणार. गाडी उडत नाय ना येत."

"तुझं नाव गाळू शकते. नुसतं 'बसमधून' असं लिहिते."

"ह्या गाडीला कंडक्टर कितीसे हायेत? आंधळापण सांगेल." त्याने कप विसळून ड्रायव्हरमामांकडे दिला. "हे बघ. गाडी बंद झाली तर मी आपोआप दुसरीकडे जाईन, कदाचित चिंचणीलाच. माझं काय बिघडतं? पण त्या दगडावरच्या भाकऱ्या खाल्ल्यात मी. लिही. नाव लिही, आडनावासकट. अर्धं लिहिलंस तर चोरी वाटेल. पुरं लिहिलंस तर काम वाटेल."

"नक्की?"

"सरकार, आता घंटी मारू का? उशीर झाला तर तो वेगळा शेरा."

दक्षाने पुरं लिहिलं. प्रश्नांच्या कागदात त्याला जागा नव्हती, म्हणून मागची कोरी बाजू वापरली. गावाने आपणहून प्रवास थांबवला. गाडी रोज शिवेपर्यंत आली. तिने माणसं आणली नाहीत, कारण माणसांनी यायचंच नव्हतं, पण औषध, मीठ, परीक्षेचे कागद आणले. ही फेरी नसती, तर गावाला बंद राहणं जमलं नसतं. आणि शेवटी तिने स्वतःच्या अकलेने एक सूचना जोडली: साथीत अशा गाड्यांना माणसाशिवाय सामान न्यायची परवानगी आधीच द्यावी. सूचना करा असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जयश्री मॅडमनी कागद वाचला, उलटा केला, परत वाचला. "गोष्ट छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ह्याच्यावर सही मी करणार. मला बघू दे." आणि पुढच्या आठवड्यात त्या स्वतः वस्तीच्या गाडीत चढल्या, हातात पाण्याची मोठी बाटली घेऊन. नविनने त्यांना सरकार म्हटलं नाही. नुसतं "बसा मॅडम" म्हणाला आणि पूर्ण प्रवासात एकही विनोद केला नाही. दक्षाला त्याची दया आली.

ओट्यावर बसल्या बसल्या मॅडमनी विचारलं, "ताई, स्वाइन फ्लूच्या साथीत तुमच्या घरी—"

"नाय," आत्या म्हणाली.

"नाही, म्हणजे भीतीमुळे तुम्ही—"

"नाय."

दक्षा मॅडमच्या कानाशी वाकली. "मॅडम, असं नाही विचारायचं इथे. शिवेवरून काय घेतलं ते विचारा."

मॅडमनी विचारलं. पुढचा तासभर त्यांना दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. उठताना आत्याने त्यांच्या पिशवीत करवंदांचा द्रोण ठेवला आणि म्हणाली, "तुमी आमच्या दक्षाला शिकवता ना? बरं शिकवलंय. मागच्या वेळी आली तेव्हा येडी होती."

जून लागला. नवं वेळापत्रक स्टँडवर चिकटलं. दक्षाने गर्दीतून मान वर करून वाचलं. उंबरमाळ, मुक्काम. वेळही तीच. रूपी नवं दप्तर घेऊन पहिल्या दिवशी गाडीत चढली ती खिडकीपाशी बसायला मिळावं म्हणून ठकीकाकूशी भांडूनच.

नविनला डेपोत बोलावून खुलासा लिहून घेतला. त्याने खुलाशात भाकऱ्यांचंही लिहिलं, चटणी कसली होती तेसुद्धा. शेरा बसला नाही, पण यापुढे लगेज तिकीट फाडावं अशी लेखी समज मिळाली. तेव्हापासून आत्याच्या बोंबलाच्या पुडक्याला तो सगळ्यांदेखत तिकीट फाडायचा आणि म्हणायचा, "आजी, बोंबील पुढच्या दाराने उतरतील." चिंचणीची बदली दोन वर्षांनी मिळाली. निरोपाला गावाने त्याला भाकऱ्या दिल्या, वर पळसाचं पान आणि पानावर खडा. तो रडला, आणि मोठ्या आवाजात रडला.

दक्षाची सूचना कुठपर्यंत गेली ते तिला कळलं नाही. पण तिचं काम वाढत गेलं. एक पाहणी संपली की दुसरी, कधी शाळांची, कधी विहिरींची, कधी रस्त्यांची. २०१९पर्यंत ती नव्या मुला-मुलींना शिकवायला लागली होती. पहिल्या दिवशी ती त्यांना कागद देतच नसे. म्हणायची, "आधी गावात जाऊन बसा. इथे कशाबद्दल बोलतात ते बघा, आणि कशाबद्दल बोलत नाहीत तेही. मग प्रश्न घडवू." मुलं वहीत लिहून घ्यायची. तिला आपल्या कामाबद्दल कसली शंका नव्हती, आणि ते तिच्या चालण्यातही दिसायचं.

फक्त एक गोष्ट तिच्या मनातून जात नाही.

गाव बांधलं त्याच्या आदल्या दिवशी गावातलाच एक तरुण, लडक्या, वीटभट्टीवरून परत आला होता, ह्याच वस्तीच्या गाडीने. अंगात सणसणून ताप आणि खोकला. हे तिला खूप नंतर कळलं, लडक्या पूर्ण बरा होऊन पुन्हा भट्टीवर गेल्यावर. म्हणजे दोरी बांधली तेव्हा आजार शिवेच्या बाहेर नव्हता. तो आत आला होता. तिने तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं होतं, 'गावाने आपणहून प्रवास थांबवला', आणि ते खरंच होतं. पण मॅडमनी वरच्या रकान्यात कारण म्हणून 'भीती' वर खूण केली होती, कारण दुसरं काही छापलेलंच नव्हतं.

परवा दक्षाने शुक्रीआत्याला विचारलं, गाव बांधलं तेव्हा लडक्याच्या तापाचं माहीत होतं का. फळी नव्हती, पेन नव्हतं, वर्षंही लोटली होती. तरीसुद्धा आत्या म्हणाली, "नाय," आणि सूप उचलून आत गेली.

दक्षा ओट्यावर बसून राहिली. शिवेकडून वस्तीची गाडी चढ चढत येत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. ती दोरी बाहेरचं आत येऊ नये म्हणून बांधली होती, की आतलं त्या गाडीत बसून खाली बाकीच्यांपर्यंत जाऊ नये म्हणून?